काळी चारच्या जरा खाली

भांडी बाजारातून नदीकडे उतरताना डाव्या हाताला तांब्या-पितळेचं एक दुकान होतं. दुकानाच्या आतूनच एक लाकडी जिना वर जायचा. बारा पायऱ्या, त्यातली आठवी हलायची. वर एक लांबट खोली, तीन खिडक्या, सतरंज्या आणि भिंतीला लागून वीतभर उंचीचा लाकडी चौथरा. त्या जागेला नाव असं नव्हतं. सगळे ‘माळा’ म्हणायचे. “आज माळ्यावर आहात ना?” एवढं विचारलं की कळायचं. गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी सहाला तिथं गाणं सुरू व्हायचं आणि साडेआठला संपायचं, कारण दुकानाचे मालक, आमचे शेठ, पावणेनऊला जेवायला बसायचे आणि किल्ली त्यांच्या कमरेला असायची.

त्या माळ्यावर मी एकतीस वर्षं तबला वाजवला. एकही गुरुवार चुकवला नाही असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. बायको गेली तो आठवडा सोडला तर खरंच चुकवला नाही.

माझी शाळा तिसरीत संपली. मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा होता, गुलाब आणि शेवंती, कडेला मेथी-कोथिंबीर. सकाळी फुलं पंचवटीत नेऊन विकायची, दुपारी पडायचं, पाचला आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचा, तबला-डग्ग्याच्या पिशव्या सायकलला अडकवायच्या आणि पूल ओलांडायचा. बाजारात मला ‘ओ फुलवाले’ म्हणून हाक मारणारी माणसं माळ्यावर ‘या तबलजी’ म्हणायची. तेवढ्यासाठी मी काहीही केलं असतं.

ऐकायला यायची ती बाजार उठवून आलेली माणसं. भाजीवाले, फुलवाले, पोस्टातले दोन कारकून, घाटावरचे एक गुरुजी, एक टांगेवाला आणि आळीतले तांबट. तांबट दिवसभर भांडी ठोकून कानाने मंद झालेले, म्हणून त्यांना पुढची जागा. चाळीस माणसं बसली की खोली भरली.

पेटीवर मास्तर असायचे. ते शिंपी होते म्हणूनही मास्तर आणि पेटी वाजवायचे म्हणूनही मास्तर. गायच्या त्या बाई. बाहेरचे गाणारेही येऊन जायचे, पण घरचं गाणं बाईंचं. त्या मूळच्या सटाण्याकडच्या, पंचवटीत दिलेल्या. नवरा छापखान्यात. गाणं कुठं शिकल्या विचारलं की म्हणायच्या, “जात्यावर.” भजन, नाटकातलं पद, गझल, सगळं गायच्या, आणि संतापल्या की अहिराणीत जायच्या. “काय शे हाई?” असं बाई म्हणाल्या की मास्तरसुद्धा पेटी थांबवायचे.

माळ्याची एक रीत होती. मी तबला लावायचो, मास्तर सूर धरायचे, बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मग मोठ्याने म्हणायच्या, “जुळलं.” त्या शब्दाशिवाय गाणं सुरू व्हायचं नाही. तो शब्द आला की चाळीस माणसांची बडबड थांबायची, तंबाखूच्या डब्या खिशात जायच्या. एकतीस वर्षं मी तो शब्द आठवड्यातून दोनदा ऐकला. आज विचाराल तर तबल्यापेक्षा मला त्या शब्दाचीच सवय लागली होती.

आता आमच्या सुराचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मी माळ्यावर नवा होतो तेव्हा गोदावरीला मोठा पूर आला. पेटीच्या भात्याला भोक पडलं होतं, ते बुजवायला म्हणून मास्तरांनी नेमकी ती खाली दुकानात आणून ठेवलेली. दोन दिवस पेटी पाण्यात राहिली. पाणी ओसरल्यावर मास्तरांनी ती उचलून घरी नेली, सगळी खोलली आणि आतल्या पितळी पट्ट्या, ज्यांच्यातून सूर निघतो त्या, एकेक करून घासायला बसले. शिंप्याचा हात. घाई नाही. शिलाईचं काम बाजूला ठेवून दोन महिने घासत होते. पेटी परत आली तेव्हा सगळे सूर एकमेकांशी असे जुळले होते की नव्या पेटीचे जुळणार नाहीत. फक्त घासून घासून पट्ट्या बारीक झाल्या होत्या आणि त्यामुळे अख्खी पेटीच खाली उतरली होती. बाई गायच्या ती पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी. आमची काळी चार ही खऱ्या काळी चारच्या जरा खाली आणि तिच्या शेजारच्या पांढरीच्या जरा वर. दोघींच्या मधल्या फटीत.

पोस्टातला कारकून म्हणाला, “मास्तर, कारागिराला दाखवा ना.”

“दोन महिने बसून घासल्यात,” मास्तर म्हणाले. “आता मी नाही वर जायचा. ज्याला पाहिजे त्यानं खाली यावं.”

बाईंनी गाऊन बघितलं आणि म्हणाल्या, “गळ्याला बरं बसतंय.” संपलं. त्या दिवसापासून तोच आमचा सूर.

एकदा बाहेरगावचे एक बासरीवाले आले होते. रेशमी झब्बा, पिशवीत पाच बासऱ्या. पहिली काढली, जुळेना. दुसरी काढली, तिसरी काढली. शेवटी घाम पुसत म्हणाले, “तुमची पेटी उतरलेली आहे.”

मास्तर म्हणाले, “पेटी आपल्या जागेवर आहे. तुमच्या बांबूचं काय ते बघा.”

सगळा माळा हसला. पुढचे तांबट तर जास्त हसले, त्यांना काय झालं ते ऐकूही आलं नसेल. बासरीवाल्यांनी बासऱ्या बांधल्या, गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि जाताना मास्तरांच्या पाया पडले. आम्हाला वाटलं, चूक कबूल केली. इतके आम्ही त्या सुरात मुरलो होतो. रेडिओ लावला तर मला तो चढलेला वाटायचा. लग्नातला बँड चढलेला. देवळातली पेटी चढलेली. सगळं नाशिक आमच्यापेक्षा जरा वर आहे आणि आम्ही तेवढे जागेवर आहोत.

माझं एक कसब होतं. पेटी उघडायच्या आधी मी तबला लावून ठेवायचो, नुसत्या कानातल्या सुरावर. मग मास्तर सूर धरायचे आणि मी टोला मारायचो. केसाएवढा फरक नाही. बाई ‘जुळलं’ म्हणताना माझ्याकडे बघायच्या नाहीत. बघायची गरज नाही, असा त्याचा अर्थ मी घ्यायचो.

शहरात अशा जागा आणखी होत्या. एका टॉकीजच्या मागे चहाच्या हॉटेलात शुक्रवारी कव्वाली व्हायची. पंचवटीत एका तालमीच्या वरच्या खोलीत पहिलवानच टाळ घेऊन बसायचे. आणखी एक जागा होती, तिथं नुसती बासरी आणि सतार, तिकडे चांगले कपडे घालून जावं लागायचं, मी गेलो नाही. या एकेक करून बंद होत गेल्या. कव्वालीच्या हॉटेलात झेरॉक्स आणि एसटीडी आलं. तालमीच्या खोलीत कॅसेटचं दुकान निघालं. सतारीची जागा पाडून तिथं चार मजले उभे राहिले. दर वेळी माळ्यावर कोणीतरी बातमी आणायचं आणि आम्ही म्हणायचो, त्यांचं गाणंच तसलं होतं, कोण बसणार. आपल्या सतरंज्यांकडे कोणी बघत नव्हतं.

आमच्याकडचे आधी तांबट गेले. घरोघर स्टील आलं होतं, तांब्याला गिऱ्हाईक राहिलं नाही. त्यांची पोरं सातपूरला कंपनीत लागली आणि आळीतला ठोकण्याचा आवाज कमी कमी होत थांबला. मग सात वाजताच्या मालिका आल्या. चाळीसाचे पंचवीस झाले. टांगेवाल्याने घोडा विकला तसा तो यायचा थांबला. घोड्याचा आणि गाण्याचा काय संबंध ते मी त्याला विचारलंसुद्धा. म्हणाला, “आता पाय धरतात हो, तुमच्या बारा पायऱ्या कोण चढणार.”

मग मास्तर गेले. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या गेले, पाय मशीनच्या पायडलवरच होते. पुढच्या गुरुवारी बाईंनी पेटी स्वतःपुढे ओढली. त्याच वाजवायच्या, त्याच गायच्या आणि स्वतःच सूर धरून स्वतःच म्हणायच्या, “जुळलं.” असं माळा आणखी चार-पाच वर्षं चालला. अकरा माणसं, कधी आठ.

सिंहस्थ जवळ आला तशी शेठच्या मुलांनी टेप घेऊन माळ्याची मापं काढली. यात्रेकरूंसाठी खोल्या काढायच्या होत्या. शेठ स्वतः जिना चढून वर आले. त्यांना दम लागला होता.

“तबलजी, पोरं ऐकत नाहीत,” ते म्हणाले.

“शेठ, तुम्ही स्वतः वर आलात, सांगितलंत, झालं,” मी म्हणालो. “आम्ही हातापाया पडणारे नाही.”

शेठ जरा वेळ उभे राहिले. आता वाटतं, मी हातापाया पडावं म्हणूनच ते वर आले होते की काय. दोन माणसांनी विनवलं असं मुलांना सांगता आलं असतं. पण ते मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी केलं नसतं.

शेवटच्या गुरुवारी नऊ जण होते. बाई चांगल्या गायल्या. संपल्यावर शेठ म्हणाले, “पेटी कोण नेतंय?”

मी बाईंकडे बघितलं. बाई खिडकीकडे बघत होत्या.

“मी तबलजी माणूस, मला पेटी कशाला,” मी म्हणालो.

“माझ्या घरात जागा नाही,” बाई म्हणाल्या.

“मग गावाकडे पाठवतो,” शेठ म्हणाले. त्यांचं गाव निफाडकडचं. “आमच्या भजनी मंडळाला होईल.”

खाली उतरताना आठवी पायरी हलली. बाई म्हणाल्या, “जपून.” मी म्हणालो, “मला माहिती आहे.” आम्ही बोललो ते एवढंच.

चार महिन्यांनी राहवलं नाही म्हणून एसटीने त्या गावाला गेलो. देवळात पेटी होती, नवं कापड, नवा रंग. मंडळाच्या प्रमुखाने चहा पाजला आणि हौसेने दाखवली. “पार उतरलेली होती बघा. कारागिराकडं टाकली, सगळ्या पट्ट्या नव्या बसवल्या. आता काळी चार म्हणजे काळी चार बोलती.” त्यानं वाजवून दाखवली. चांगली बोलत होती. मी चांगली आहे म्हणालो आणि दोनच्या गाडीने परत आलो.

म्हणजे आता तो सूर कुठंच राहिला नव्हता. माझ्या कानात होता तेवढाच.

भजनी मंडळवाले बोलवायचे. गेलो की त्यांची पेटी खऱ्या काळी चारवर. “जरा चढवा ना काका,” म्हणायचे. तबला चढवायला काय लागतं. हातोडीचे चार टोले, कडेला वरून मारले की चढतो, खालून मारले की उतरतो. पण माझा हात उठायचा नाही. मी म्हणायचो, “तुम्ही उतरा.” पेटी कशी उतरणार? तीन ठिकाणी असं झालं आणि मग बोलावणी थांबली. माणूस विक्षिप्त आहे, असं पसरलं असणार. मला कोणी सांगितलं नाही.

त्यानंतर गंगापूर रोडवरचं एक गार्डन हॉटेल. तिथं आमची फुलं जायची. हिरवळीवर खुर्च्या, कोपऱ्यात छोटा मंच, संध्याकाळी दोन-तीन जण गाणी म्हणायचे. त्यांचा तबलेवाला आजारी पडला आणि मॅनेजर म्हणाला, काका, तुम्ही वाजवता ना, या. मी गेलो. की-बोर्डवर पस्तिशीचा एक गृहस्थ होता, दिवसा कंपनीत फिटर. बोलायला अगदी साधा.

“काका, पट्टी कुठली?”

“काळी चार. पण जरा खाली.”

“जरा म्हणजे केवढी?”

मी टोला मारून दाखवला. त्यानं मान वाकडी करून ऐकलं. मला वाटलं होतं, हसेल. तो म्हणाला, “अरे, मस्त मधलाच आहे की. थांबा, बटण आहे त्याला.”

एक पट्टी दाबून धरून तो दुसऱ्या हाताने बटण टिचक्या माराव्यात तसं दाबू लागला. दर दाबण्याला सूर सुतासुताने खाली येत होता. एक, दोन, तीन, चार. आणि एका जागी तो थांबला.

“हा का?”

तो तोच होता. पुरात भिजलेला, मास्तरांनी दोन महिने घासलेला, बाईंच्या गळ्यात तीस वर्षं राहिलेला. हिरवळीवर, प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये, तो अगदी तोच सूर उभा होता. आणि त्याच वेळी असा राग आला की सांगता येत नाही. आमच्या उभ्या जन्माचं या माणसानं चार वेळा बोट दाबून केलं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “हा नाही.”

“अजून खाली घेऊ?”

“राहू द्या. तुमच्या यंत्रात नाही तो.”

“असेल काका,” तो म्हणाला. “चहा तरी घ्या.”

मी तबला पिशवीत घातला. रस्ता सपाट होता तरी सायकल हातात धरून चालत घरी आलो.

मग दोनेक वर्षं मी कुठं गेलो नाही. मुलांनी मळा बिल्डरला दिला, मी सही केली. घराच्या मागे दोन वाफे राहिले, त्यात मेथी लावायचो. मुलगा-सून सकाळी कामाला, नात शाळेत, दिवसभर घरात मी आणि फ्रिजचा आवाज. गुरुवारी सहाला तबला काढायचो, लावायचो, एक टोला मारायचो आणि वाट बघायचो. कशाची ते मला माहीत होतं. त्या एका शब्दाची.

एका गुरुवारी वेगळीच शंका आली. हा सूर खरंच तो आहे का? ताडून बघायला पेटी नाही, मास्तर नाहीत. रोज केसभर सरकत गेला असेल तर मला कसं कळणार? दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पिशवी घेतली, दुसऱ्या पिशवीत मेथीची जुडी टाकली आणि ओझरला गेलो. बाईंचा मुलगा तिथं विमानाच्या कारखान्यात होता, बाई त्याच्याकडेच राहायच्या.

दार त्यांनीच उघडलं. पांढऱ्या झाल्या होत्या, वाकल्या होत्या.

“या तबलजी. जिवंत आहात म्हणायचं.”

“का, बातमीची वाट बघत होता?”

“मला दुसरी कामं आहेत. ही मेथी मळ्यातली?”

“मळा कुठला आता. मागच्या वाफ्यातली.”

जुडी हातात घेऊन त्या तिथंच निवडायला बसल्या. मी तबला काढला, लावला आणि म्हणालो, “बाई, सूर द्या.”

“आता? मेथीच्या हातानं?”

“द्या तरी.”

त्यांनी हात पदराला पुसले, डोळे मिटले आणि सूर धरला. आवाज फाटला होता, पण सूर धरलेला होता. मी टोला मारला.

दोघांच्या मध्ये एक सूत जाईल एवढी फट होती.

“चढलाय तुमचा,” बाई म्हणाल्या.

“माझा जागेवर आहे. तुमचा उतरलाय.”

“काय शे हाई? तीस वर्षं गायले मी त्या सुरात. मला सांगता?”

“आणि मी तीस वर्षं काय करत होतो? भांडी घासत होतो?”

सून स्वयंपाकघरातून डोकावली. “आई, काय झालं?”

“काही नाही गं. हे चढलेत जरा.”

सुनेने माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड पुसलं. मग बाई हसल्या, खूप दिवसांनी हसल्यासारख्या, खोकला लागेपर्यंत.

“पेटी असती तर आत्ता निकाल लागला असता,” मी म्हणालो.

“मग घेतली का नाही तुम्ही?”

“मी? गाणाऱ्या तुम्ही. तुमचा हक्क म्हणून मी नाही म्हणालो.”

“आणि मास्तरांच्या मांडीला मांडी लावून तुम्ही बसायचात, म्हणून मी नाही म्हणाले. जागा काय, पलंगाखाली होती.”

वरून विमान गेलं. त्या आवाजात बोलता येत नव्हतं ते बरंच झालं.

मग मी त्यांना त्या की-बोर्डवाल्याचं सांगितलं. बाई हातातली काडी तशीच धरून ऐकत होत्या. “मग? लागला होता का सूर?”

“जवळपास गेला होता,” मी म्हणालो.

“त्याला घेऊन या. बटण आहे म्हणजे आकडा असेल. आकडा आपल्यासारखा भांडणार नाही.”

मी दुसऱ्याच दिवशी गंगापूर रोडला गेलो. मंच होता तिथं मोठा टीव्ही लावला होता, क्रिकेटची मॅच चालू होती. “गाणं बंद केलं काका,” मॅनेजर म्हणाला. “लोकांना बोलायला अडचण होते.” तो फिटर? कंपनी बंद पडली, पुण्याला गेला, फोन नंबर नाही. जगात एका माणसाला तो सूर नेमका कळला होता आणि त्याला खोटं सांगून मी निघून आलो होतो. मॅनेजरने विचारलं, काका, बसता का? मी नाही म्हणालो.

हे बाईंना कळवायला हवं होतं. कळवलं नाही. परत जायचं म्हणजे तबला त्यांच्या सुराला उतरवून जायचं की माझ्या सुराला ठेवून, ते ठरेना. उतरवला तर मी चुकलो असं झालं. म्हटलं, त्यांचा फोन येईल तेव्हा बघू. असं करता करता पाच-सहा महिने गेले.

फोन आला तो गुरुवारीच, पण सकाळी.

“तबलजी, मुलाची बदली झाली. बंगळूर. उद्या निघतोय.”

“एवढ्या लांब?”

“मला कोण विचारतंय. सामान बांधणारे आलेत. तबला कुठंय?”

“कपाटात.”

“काढा की मग.”

मी तबला-डग्गा फोनशेजारी मांडला, रिसीव्हर खांद्यात धरला. मागे खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा आवाज येत होता. बाई कोणावर तरी ओरडल्या, “दोन मिनिटं थांबा रे.” आणि मग त्यांनी सूर धरला.

तो आणखी उतरला होता. मागच्यापेक्षा खूप. काळी चार सोडा, फटही सोडा, तो शेजारच्या पांढरीच्याही खाली गेला होता आणि थरथरत होता. मी टोला मारला. दोन सूर एकमेकांपासून इतके लांब होते की आमच्या नातीलाही कळलं असतं.

बाईंनी ऐकलं. मग विचारलं, “जुळलं का?”

एकतीस वर्षं त्या सांगायच्या. आज विचारत होत्या.

“जुळलं,” मी म्हणालो.

“मग? मी म्हणत नव्हते का?”

“म्हणत होता.”

“तुमचाच चढला होता.”

“हो, चढला होता.”

त्यांनी एक भजन धरलं, दोनच कडवी. मी तबल्याला बोट लावलं नाही. नुसत्या डग्ग्यावर ठेका धरला, म्हणजे सूर वाजायला नको. त्यांनी ते ओळखलं की नाही, माहीत नाही. ओळखलं असेल. गाणं ज्या जागी संपायचं त्याच जागी संपलं आणि मागे चिकटपट्टीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

“बरंय,” बाई म्हणाल्या. “पायरी जपा.”

आमच्या घराला पायरी नाही. मी म्हणालो, “जपतो.”

फोन ठेवला आणि हातोडी काढली. त्यांनी दिलेला सूर कानात होता तोवर कडेला खालून टोले मारत गेलो. तबला इतका खाली आणायचा नसतो, पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, बोल घोगरा होतो. आणला. मग संध्याकाळी सून आल्यावर हातोडी तिला दिली आणि म्हटलं, कुठं ठेवायची तिथं ठेव, मला सांगू नको.

गुरुवारी सहाला मी अजून बसतो. एकच टोला मारतो आणि ऐकतो. पावसाळ्यात पुडी ओल धरते, सूर आणखी थोडा खाली जातो. मी चढवत नाही. बाईंचाही जात असेल.